चॅटबॉटचा स्वभाव

घरी घडवलेल्या चॅटबॉटला नाव, वय, बोली, आवडीनिवडी, ज्ञानाच्या मर्यादा आणि ठरावीक प्रसंगी वागण्याची रीत देऊन तो एकच माणूस बोलतो आहे असे वाटायला लावण्याची पद्धत. ‘घरी घडवलेला’ म्हणजे खुले (कोणालाही उतरवून घेता येणारे) भाषा-मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवून केलेला. चार अब्ज प्राचलांचे (आत साठवलेल्या आकड्यांचे) मॉडेल चार-बिटी, म्हणजे आकुंचित रूपात सुमारे अडीच ते तीन जीबी जागा घेते, आठ अब्जांचे सुमारे पाच जीबी. आठ अब्जांच्या मॉडेलासाठी १६ जीबी रॅम असलेली बरी.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल दोन मते आहेत. बहुतेक लेखक तो जोसेफ वायझेनबाउम यांच्या एलायझापाशी नेतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये साधारणपणे १९६४ ते १९६६ या काळात हा संगणक-कार्यक्रम लिहिला गेला. त्यावरील निबंध जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची ‘डॉक्टर’ ही संहिता मानसोपचारकासारखी बोलते आणि समोरच्याचे वाक्य उलटवून प्रश्न करते. ही भूमिका का निवडली तेही वायझेनबाउम यांनी सांगितले आहे: जगाबद्दल काहीच ठाऊक नसल्यासारखे वागले तरी मानसोपचारक खोटा वाटत नाही. म्हणजे येथे भूमिका ही अज्ञान झाकण्याची सोय होती. दुसरे मत केनेथ कोल्बी यांच्या पॅरीला पहिला मान देते. स्टॅनफर्डमध्ये घडवलेला हा कार्यक्रम १९७२ च्या सुमारास चर्चेत आला. तो संशयग्रस्त रुग्णाची भूमिका करी, आणि त्याच्या आत भीती, राग व अविश्वास यांचे आकडे असत. समोरच्याच्या प्रत्येक वाक्याने ते वर-खाली होत आणि पुढचे उत्तर त्यांवर ठरे. त्यामुळे दहा मिनिटांपूर्वी डिवचलेला पॅरी नंतरही चिडलेलाच राही. एलायझाला असा टिकणारा राग नव्हता. स्वभाव म्हणजे बोलण्याची ढब एवढाच अर्थ घेतला तर एलायझा आधीची ठरते. आधी घडलेल्याचा पुढच्या बोलण्यावर परिणाम होणे हा अर्थ घेतला, आणि घडवणाऱ्याच्या दृष्टीने तोच उपयोगाचा आहे, तर पॅरीचा दावा अधिक बळकट दिसतो. २०१४ मध्ये गाजलेल्या यूजीन गूस्टमन या कार्यक्रमाने पुन्हा एलायझाचीच युक्ती वापरली. युक्रेनमधील १३ वर्षांचा मुलगा असल्याची बतावणी केल्यामुळे अपुरे ज्ञान आणि मोडके इंग्रजी दोन्ही खपून गेले.

आजच्या मॉडेलांना स्वभाव दिला जातो तो मुख्यतः आरंभसूचनेतून, म्हणजे संभाषणाआधी मॉडेलला दिलेल्या लेखी सूचनेतून. मॉडेल घरी चालवण्याचे ओलामा हे साधन वापरल्यास ही सूचना त्याच्या मॉडेलफाइलमध्ये ‘सिस्टिम’ या शब्दापुढे लिहितात. नवशिका येथे ‘प्रेमळ, विनोदी, अनुभवी शेतकरी’ अशी विशेषणे घालतो आणि मॉडेल त्यावर कोणत्याही गावचे नसलेले गोडगोड बोलू लागते. विशेषणाऐवजी कृती लिहावी. खानदेशातील अमळनेरकडचा कोरडवाहू शेतकरी ‘नाना’ घडवायचा असेल तर पुढील ओळी अधिक काम करतात: ‘कापसाचा भाव विचारला तर नाना आधी माल ओला की कोरडा ते विचारतो. पेरणीचा काळ आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि पोळा यांच्या हिशोबाने सांगतो. शेअरबाजाराबद्दल विचारले तर “ते माले काही समजत नही” म्हणून विषय सोडतो.’ यांतली तिसरी ओळ सर्वांत मोलाची. जो बॉट सगळेच जाणतो तो कोणीच नसतो. कोठे थांबायचे हे ठरवले की माणूस दिसू लागतो.

सूचनेत लिहिलेली प्रत्येक गोष्ट मिरवायचीच असते असे मॉडेल धरून चालते. नानाला भरीत आवडते असे लिहिले की ठिबकच्या प्रश्नालाही तो भरीत काढतो. आखाजी, कळण्याची भाकरी, शेवभाजी, तापी असे सगळे एकदम भरले तर माणसाऐवजी पर्यटन-पत्रक बोलू लागते. अशा तपशिलांपुढे ‘विचारले तरच’ ही अट घालावी आणि संख्या तीन-चारवर ठेवावी.

सूचनेखाली नमुना संवादाच्या, म्हणजे प्रश्न-उत्तरांच्या, आठ ते बारा जोड्या देतात. मॉडेल सूचनेपेक्षा नमुन्यांची चाल अधिक उचलते, म्हणून सर्व नमुने एकाच लांबीचे नसावेत. एक उत्तर नुसते ‘हां’ असावे, एकात नकार असावा, एकात चिडलेल्या माणसाशी बोलणे असावे. उदा.,

‘नाना, कपाशीवर मावा पडना, काय करू?’
‘पान उलटं करी देख. किती झाडेसवर शे? मंग सांगस.’

येथे नाना सल्ला देण्याआधी विचारतो, हे या जोडीतून शिकवले जाते. केवळ सूचनेवर सोडले तर मॉडेल पाच मुद्द्यांची यादी देते.

अडचण बोलीची आहे. नाना बोलतो ती अहिराणी, म्हणजेच खानदेशी. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी मराठीच्या खंडात नसून भिल्ल भाषांसोबत नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) येते. मराठीचे अभ्यासक मात्र अहिराणीला बहुधा मराठीची बोली मानतात. घडवणाऱ्यासाठी या वादाचा परिणाम व्यावहारिक आहे: मॉडेलांनी वाचलेल्या मजकुरात अहिराणी फारच थोडी असल्याने दोन-तीन वाक्यांनंतर ते प्रमाण मराठीत, कधी सरळ हिंदीत घसरते. ‘माले, तुले, शे, आठे, तठे’ अशा नेहमीच्या शब्दांची यादी दिल्यास घसरण कमी होते, थांबत नाही. पूर्ण अहिराणीचा हट्ट न धरता प्रमाण मराठी वाक्यात ठरावीक अहिराणी शब्द ठेवणे हा मार्ग अधिक खात्रीचा, कारण चुकीची अहिराणी शिरपूर-साक्रीकडच्या माणसाला पहिल्याच वाक्यात खुपते. रावेर-यावलकडचा बॉट असेल तर तेथे लेवा बोली आहे. ‘माले’ नव्हे, ‘मले’.

मराठीत आणखी दोन दोष हमखास येतात. एक, तू, तुम्ही आणि आपण यांची सरमिसळ. नाना पोरासोरांना ‘तू’ आणि अनोळख्याला ‘तुम्ही’ म्हणतो, ‘आपण’ कधीच म्हणत नाही, असे स्पष्ट लिहावे लागते. दुसरा, लिंगाचा: ‘मी सांगतो’ म्हणणारा बॉट चार वाक्यांनी ‘मी सांगते’ म्हणतो. इंग्रजी क्रियापदात हा भेद नसल्याने त्या भाषेवर वाढलेले मॉडेल येथे ढिले राहते. नमुन्यांतील प्रत्येक उत्तरात लिंगदर्शक क्रियापद ठेवणे हा उपाय.

मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मोडून वाचते, आणि त्यात देवनागरी महाग पडते. लामा २ या खुल्या मॉडेलाचा टोकनसंग्रह ३२,००० चा होता, त्यात एकेक अक्षरही अनेक तुकड्यांत मोडे. लामा ३ चा सुमारे १,२८,००० आणि जेमा या दुसऱ्या खुल्या मॉडेलाचा सुमारे २,५६,००० आहे, त्यामुळे तोच मजकूर कमी जागेत बसतो. तरीही सूचना तीनशे शब्दांच्या आत ठेवावी. संदर्भमर्यादा (मॉडेल एका वेळी वाचू शकते तेवढा मजकूर) भरली की जुना मजकूर गळतो, आणि साधनाच्या रचनेनुसार नानाची ओळखही त्याबरोबर जाऊ शकते. मर्यादा भरण्याआधीही स्वभाव विरतो. २०२४ मधील एका अभ्यासात प्रश्न-उत्तरांच्या आठ फेऱ्यांच्या आतच अशी घसरण नोंदली गेली. यासाठी दर पाच-सहा फेऱ्यांनी दोन ओळींची आठवण ताज्या प्रश्नाच्या लगत घालतात. तापमान (शब्दनिवडीतील मोकळीक ठरवणारा आकडा) ०.७ ते ०.९ ठेवतात; त्याखाली उत्तरे साचेबद्ध होतात, १ च्या वर मराठी शब्दरूपे मोडू लागतात. पुनरावृत्ती-दंड (आधी आलेले शब्द पुन्हा येणे रोखणारा आकडा) १.१ च्या फार वर नेऊ नये. ‘आहे’, ‘नाही’ हे शब्द मराठीत पुन्हापुन्हा येणारच, त्यांनाही दंड बसून वाक्ये वाकडी होतात.

पॅरीसारखी टिकणारी मनःस्थिती हवी असल्यास राग व विश्वास असे दोन आकडे वेगळ्या फाइलमध्ये ठेवून दर फेरीला बदलावेत आणि ‘नाना आज जरा तुटक आहे’ अशा वाक्यात उतरवून सूचनेत घालावेत. नुसता आकडा दिल्यास मॉडेल तो उत्तरात वाचून दाखवते. त्याच फाइलमध्ये बोलणाऱ्याचे नाव, गाव, पीक यांची नोंद राहते.

माहिती मात्र स्वभावातून येऊ देऊ नये. औषधाची मात्रा, फवारणीचे अंतर, बाजारभाव हे नानाच्या तोंडी विश्वासार्ह वाटतात, आणि धोका तोच आहे; स्वभाव जितका पटणारा, तितकी चुकीची मात्रा अधिक सहज पटते. अशा प्रश्नांना मॉडेलने स्वतः आकडा न देता तपासलेल्या फाइलीतील मजकूर किंवा डब्यावरचे लेबल दाखवावे. ‘तू मशीन शे का?’ या प्रश्नाला खरे उत्तर देण्याचा नमुनाही घालावा. ‘हां, मी संगणकवर चालस’ एवढे नानाच्याच ढंगात सांगितले तरी स्वभाव तुटत नाही.