मोठा तुकडा कोणाचा?

आंब्याच्या वडीचे दोन तुकडे करायचे असले की आई सुरी मोठ्या भावाच्या हातात द्यायची आणि आधी उचलायचा मान मला. भाऊ वाकून, सुरी दोनदा इकडेतिकडे सरकवून, श्वास रोखून कापायचा. दोघांना सारखं मिळावं, हे मूल्य. कापणाऱ्याने नंतर घ्यायचं, ही त्यासाठीची नीती. आणि सारखं म्हणजेच न्याय्य का, जास्त भूक असलेल्याला जास्त का नको, असं खोदून विचारू लागलो की नीतिशास्त्र सुरू होतं.

या न्यायबुद्धीचं मूळ किती जुनं आहे? सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांचा कॅपुचिन माकडांवरचा प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. माकडीण खडा परत देई, बदल्यात काकडीचा तुकडा मिळे. तोवर सगळं ठीक. पण शेजारणीला त्याच कामाचं द्राक्ष मिळताना दिसलं, की तीच काकडी नकोशी होई. काही वेळा ती चक्क फेकली जाई. हा अन्यायाचा राग, की समोरचं द्राक्ष न मिळाल्याचा हिरमोड, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

माणसाच्या पोरांचं काय? 2015 साली सात देशांतल्या 4 ते 15 वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या जोड्या लावलेल्या, समोर खाऊची ठरवून दिलेली वाटणी. एकाने ठरवायचं: वाटणी मान्य, की नामंजूर? नामंजूर केली तर दोघांनाही काही नाही. आपल्याला कमी आल्यावर सातही देशांतली मुलं वाटणी नाकारत. पण आपल्याच पदरात जास्त पडतंय म्हणून नाकारणारी मुलं फक्त कॅनडा, अमेरिका आणि युगांडात आढळली, तीही थोडी मोठी झालेली. भारतातल्या मुलांत हे दिसलं नाही.

यावरून आपली मुलं अप्पलपोटी ठरवणं मला साफ चूक वाटतं. इथे नाकारणं म्हणजे खाऊ वाया घालवणं, आणि सोबत्याच्या वाट्याचा एक दाणाही हिरावणं. ‘ताटात टाकू नये’ ऐकत वाढलेल्या मुलासमोर दोन मूल्यं एकमेकांना भिडतात. त्यातलं कोणतं वरचढ, हे प्रयोगाच्या आकड्यांतून कळत नाही.

माझंच सांगतो. भाऊ कितीही नेमकं कापो, मी तुकडे निरखून रेसभर मोठा शोधायचोच. तो परत ठेवल्याचं मला आठवत नाही.