अंबाळ्यावरची दुलई

जानेवारीत दिवस उगवताना नागपूरजवळच्या रामटेकच्या गडावर गेलात, तर कधी कधी खालचा अंबाळा तलाव दिसतच नाही. डोंगरांच्या कुशीतल्या त्या खोलगट जागेवर राखाडी दुलई पसरलेली असते आणि तिची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सपाट. आपण ‘धुकं’ म्हणून मोकळे होतो. पण धुक्यात नुसते पाण्याचे थेंब; इथे चुली-शेकोट्यांचा धूरही असतो. हे धुरकं.

रात्री उतारावरची जमीन निवते. तिला टेकलेली हवा गार, जड होऊन घरंगळत खाली साचते. वर त्या मानाने उबदार हवा, म्हणजे झाकणच. कोंडलेला धूर ऊन चढेपर्यंत हलत नाही.

आता खरी गोम. उन्हाळ्यात नागपुरात धूळ काय कमी उडते? तरी तेवढ्याच वजनाचा धूर कितीतरी जास्त आंधळं करतो. धुळीचा ५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एक कण घ्या. त्याचे अर्ध्या मायक्रॉनचे कण केले तर १००० होतील आणि उजेड अडवणारं एकूण क्षेत्रफळ १० पट होईल. शिवाय दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. साधारण त्याच मापाचे कण प्रकाश सर्वांत जोरात विखुरतात. हा विखुरलेला उजेड वाटेतच डोळ्यात शिरतो, काळपट टेकडी फिकी होत होत आकाशात विरते. तिच्यातला आणि आकाशातला फरक सुमारे २ टक्क्यांवर आला की ती दिसेनाशी होते, असं धरून जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर यांनी १९२४ मध्ये किती लांबवरचं दिसेल याचं सूत्र मांडलं. अगदी शुद्ध हवेत त्यानुसार जवळपास ३०० किलोमीटरपर्यंत दिसायला हवं!

त्यात दमटपणाची भर. कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडपासून हवेत सल्फेटचे कण बनतात. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं ना, तसे हेही ओल पिऊन फुगतात. म्हणून धूर तेवढाच असला, तरी पहाटे जास्त दाट भासतो.

गडावर असाल तर एक गंमत करून बघा. सकाळी आधी उगवतीकडे पाहा, मग पाठ फिरवून नागपूरच्या दिशेला. उगवतीकडचं धुरकं दाट वाटेल, कारण हे कण प्रकाश मागे कमी, पुढे जास्त फेकतात. हिवाळ्यात संध्याकाळी सूर्य नेमका नागपूरच्या बाजूला कलतो आणि मग गडावरचे लोक शहराकडे बोट दाखवून म्हणतात, “पाहा, केवढं प्रदूषण!”