रचनाकाराविना रचना

आधी आराखडा आखणारी बुद्धी नसताना गुंतागुंतीची आणि उपयोगी रचना घडू शकते का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. आज तो जीवशास्त्र आणि अभियांत्रिकीचाही झाला आहे.

भारतात यावर फार कसून वाद झाला. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांचे म्हणणे असे : पृथ्वी वगैरे कार्ये, म्हणजे घडलेल्या वस्तू, आहेत, घटासारख्या कार्याला कर्ता असतो, म्हणून जगालाही कर्ता आहे. मिथिलेच्या उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा या पक्षाचा सर्वांत समर्थ ग्रंथ. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी मात्र त्याच्या काही शतके आधी, सातव्या शतकात, या अनुमानातली फट दाखवली होती. मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल! मडके घडताना आपण पाहिलेले असते, म्हणून मडक्यावरून कुंभाराचे अनुमान चालते. डोंगराबाबत तसा अनुभव कोणालाच नाही. १८०२ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पेली यांनी घड्याळावरून घड्याळजीचे अनुमान मांडले. त्याची बरीच चर्चा होते, पण धर्मकीर्तींचा आक्षेप त्यालाही तितकाच लागू पडतो.

वारुळाची घडण आता बरीच कळली आहे आणि त्यामुळे ते उदाहरण अधिकच चपखल ठरते. भारतात दिसणारी उंच, पन्हळी कडांची अनेक वारुळे ओडोंटोटर्मिस ओबेसस या वाळवीची असतात. तिच्या कामकऱ्यांना डोळे नसतात. कामकरी मातीचा कण तोंडात धरते, लाळेत कालवते आणि गोळी करून ठेवते. जिथे ताजी माती पडलेली असते, तिथेच पुढची वाळवी आपली गोळी ठेवण्याचा संभव जास्त. त्यातून ढीग वाढतो, ढिगाचा खांब होतो, जवळचे खांब एकमेकांकडे झुकून कमान जुळते. राणी हुकूम देत नाही, ती अंडी घालते. झालेले कामच पुढच्या कामाला दिशा देते. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ प्येर-पोल ग्रासे यांनी १९५९ मध्ये या प्रकाराला ‘स्टिग्मर्जी’ हे नाव दिले.

इतक्या साध्या वागण्यातून श्वास घेणारी इमारत उभी राहते. दिवसा उन्हाने बाहेरच्या कडांतली हवा तापून वर चढते आणि मधल्या पोकळीतून खाली उतरते. रात्री हे चक्र उलटे फिरते. दक्षिण भारतातील वारुळांत केलेल्या मोजण्यांवरून २०१५ मध्ये हे दाखवण्यात आले. आत वाळवी बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, कोकण-गोव्यात चवीने खाल्ली जाणारी अळंबी ही त्याच बुरशीची.

यावर रास्त आक्षेप असा की वाळवीला हे वागणे कोणी शिकवले? चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५८ मध्ये जे उत्तर मांडले, ते नैसर्गिक निवडीचे. जीव आपली नक्कल करतात, नकलांत फरक पडतात आणि जगायला-वाढायला उपयोगी पडणारे फरक पुढच्या पिढ्यांत टिकतात. ‘म्हणजे सगळा योगायोगच’ हा समज चुकीचा आहे. योगायोग फरक पडण्यात आहे, निवडीत नाही. डोळ्याचेच पाहा. लिंपेट या गोगलगायीच्या नातलगात प्रकाश ओळखणारी उथळ वाटी असते, नॉटिलस या शंखधारी सागरी प्राण्यात भिंगाविना बारीक छिद्र असते, ऑक्टोपसमध्ये पुरते भिंग असते. अर्धवट डोळाही त्या त्या प्राण्याच्या कामाचा असतो. निल्सन आणि पेल्गर या संशोधकांनी १९९४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा सपाट ठिपक्यापासून भिंगाच्या डोळ्यापर्यंत यायला चार लाखांहून कमी पिढ्या पुरतील असे निघाले, तेही सावध गृहीतके धरून. प्रत्यक्ष पुरावाही आहे. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंचे बारा समूह वाढवायला घेतले. सुमारे ३१ हजार पिढ्यांनंतर त्यांतल्या एका समूहाला ऑक्सिजन असतानाही सायट्रेट या पदार्थावर वाढता येऊ लागले, जे या जिवाणूंना एरवी जमत नाही.

तंत्रज्ञानात हीच पद्धत हेतुपुरस्सर वापरतात. नासाच्या एसटी-५ मोहिमेचे तीन छोटे उपग्रह २००६ मध्ये अवकाशात गेले. त्यांवरचा एक अँटेना कोणी रेखाटलेला नव्हता. संगणकाने असंख्य आकार बदलत, पारखत तो काढला. वेड्यावाकड्या वाकवलेल्या तारेसारखा तो दिसतो. मात्र यावरून रचनाकार पूर्ण हद्दपार झाला असे म्हणणे घाईचे होईल. आकार अभियंत्यांनी ठरवला नाही, पण चांगला अँटेना कोणता याची कसोटी त्यांनीच लिहिली होती. निसर्गातली कसोटी, म्हणजे टिकणे आणि वाढणे, कोणाला लिहावी लागत नाही. हा फरक मोठा आहे.

निवडीला एक गोष्ट मात्र आधी हवी : स्वतःची नक्कल करणारे काहीतरी. स्टॅनली मिलर यांनी १९५३ मध्ये साध्या वायूंत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली. तिथून पहिल्या पेशीपर्यंतची सगळी वाट प्रयोगशाळेत अजून कोणी चालून दाखवलेली नाही.