अडीच लाख उत्तरं आणि चुकलेला अंदाज

एप्रिल २०२० पासून अमेरिकेत फेसबुक उघडलं की काही जणांना न्यूजफीडच्या माथ्यावर एक विनंती दिसायची : कोविडविषयीच्या पाहणीत भाग घ्या. क्लिक केलं की माणूस थेट कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या प्रश्नावलीवर पोचायचा. ताप आहे का, वास येतो का, आणि पुढे लस आल्यावर, लस घेतली का, नसेल तर घेणार का? उत्तरं विद्यापीठाकडे जात, फेसबुकला ती दिसत नसत. आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरं देत.

एवढा आकडा ऐकला की आपण निर्धास्त होतो. नेहमीच्या सूत्रानेही इतक्या उत्तरांत चुकीला १ टक्काभरसुद्धा वाव उरत नाही. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये या पाहणीने दर शंभर प्रौढांमागे १७ माणसं जास्तीची लसवंत दाखवली, सरकारी लसीकरण नोंदींशी ताडून पाहता. जनगणना विभागाची, दर खेपेला सुमारे ७५ हजार उत्तरांची पाहणी १४ माणसांनी चुकली. ॲक्सिओस हे वृत्तस्थळ आणि इप्सॉस ही पाहण्या करणारी कंपनी यांची पाहणी मात्र आठवड्याला जेमतेम हजार लोकांना विचारूनही खऱ्या आकड्याच्या बरीच जवळ राहिली. व्हॅलरी ब्रॅडली, शिरो कुरिवाकी, शाओ-ली मेंग आणि सहकारी संशोधकांनी डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हा हिशेब मांडला.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेल्यात वरचा भात कच्चा आणि तळाचा शिजलेला असेल, तर वरची हजार शितं चेपूनही तळाचा पत्ता लागत नाही. फेसबुकने विनंती कोणाला दाखवायची ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पण उत्तर द्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवलं, आणि दिलं शंभरातल्या साधारण एकाने. आरोग्याची प्रश्नावली आपणहून भरणारा माणूस लसीकडेही जरा लवकरच वळणार! वय आणि लिंग पाहून उत्तरांना कमीअधिक वजन दिलं गेलं, शिक्षण आणि वंश पाहून नाही. कमी शिकलेल्यांत लसीकरण कमी होतं आणि पाहणीत तेच कमी होते. एवढं एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं.

संशोधकांच्या गणितानुसार एप्रिल २०२१ मधल्या त्या अडीच लाख उत्तरांचं मोल नीट निवडलेल्या १० माणसांहून जास्त नव्हतं. नमुना वाढवला की योगायोगाने होणारी चूक घटते. एकाच बाजूला झुकलेला कल मात्र तसाच राहतो, फक्त चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो. मेंग याला ‘बिग डेटा पॅराडॉक्स’, म्हणजे प्रचंड माहितीचा विरोधाभास, म्हणतात.

नुसत्या पोस्ट मोजून जनमत काढायचं तर अडचण आणखी वाढते. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०१९ मध्ये पाहिलं, की अमेरिकेतल्या प्रौढांची ८० टक्के ट्वीट १० टक्के वापरकर्त्यांकडून येत होती. त्यात लसीबद्दल गप्प बसलेला माणूस मोजलाच जात नाही.

इप्सॉसने आपल्या पॅनेलसाठी, म्हणजे पाहण्यांसाठी ठरवून ठेवलेल्या लोकांच्या गटासाठी, घरांचे पत्ते यदृच्छेने निवडले होते आणि इंटरनेट नसलेल्यांना टॅबलेट व जोडणी पुरवली होती. हे काम खर्चिक आणि सावकाशीचं. तरी फेसबुकची पाहणी वाया गेली असं मी मुळीच म्हणणार नाही. वास जाण्याच्या तक्रारी कोणत्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) या आठवड्यात वाढल्या, हे हजार जणांच्या पाहणीला कधीच दिसलं नसतं. किती जणांनी लस घेतली हे लहान, काटेकोर पाहणीला विचारावं आणि चढउतार कुठे होतोय हे मोठीला. पुढच्या साथीत या दोन्ही पाहण्या पहिल्या दिवसापासून एकत्र चालवायला हव्यात, आणि लहान पाहणीचा खर्च सरकारने उचलायला हवा.