पक्षाघाताची जोखीम : संधिवाती व स्वयंप्रतिकार विकारांत

आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार), वातरक्त म्हणजे गाउट, मणक्याचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात आणि रक्तवाहिन्यांचा दाह या आजारांच्या रुग्णांना पक्षाघाताचा झटका येण्याची शक्यता त्यांच्याच वयाच्या इतरांपेक्षा जास्त असते. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बुजली किंवा फुटली की त्या भागाच्या ताब्यातले अवयव लुळे पडतात. या आजारांत वाढते ते मुख्यतः बुजण्याचे प्रमाण. वयानुसार गुडघे झिजल्याने होणारे दुखणे या गटात मोडत नाही, आणि गावात ‘वात’ म्हणून सांगितली जाणारी बहुतेक दुखणी झिजेचीच असतात. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत सांधे-स्नायूंची दुखणी भरपूर सापडली; खरा आमवात मात्र हजारात पाच-सहा जणांच्या आसपास निघाला.

सातारा-सांगलीकडे पक्षाघात झाला की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात आणि मनगटे-घोटे धरले की ‘वातानं धरलंय’. दोन्हीकडे वाराच. चरकसंहितेतल्या ८० वातविकारांत पक्षवध म्हणजे पक्षाघात आहे. आमवाताचे स्वतंत्र वर्णन पुढे माधवनिदानात येते. आजच्या वैद्यकाला या दोन आजारांत दुवा सापडल्यावर ‘हे आपल्याला आधीच ठाऊक होतं’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्याच ८० च्या यादीत उचकी आणि जांभईही आहे. आजचा दुवा वाऱ्याचा नसून दाहाचा आहे.

आमवातात सांध्याचे अस्तर सुजवणारी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही रसायने रक्तातून सगळीकडे फिरतात. रक्तवाहिनीचे आतले अस्तर त्यांनी खरखरीत होते, चरबीचे थर लवकर साचतात आणि साचलेला थर फुटून त्यावर गुठळी धरण्याची शक्यता वाढते. आमवातात झटक्याची जोखीम साधारण दीडपट आणि ल्युपसमध्ये सुमारे दुप्पट धरली जाते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी, की हृदय-रक्तवाहिन्यांची जोखीम मोजण्याच्या नेहमीच्या तक्त्यातून आलेला आकडा आमवात असल्यास १.५ ने गुणावा. ‘दीडपट’ ऐकून घाबरण्याआधी हिशेब करावा: दहा वर्षांत शंभरातल्या दोघांना झटका येणार असेल, तर आता तिघांना येईल. तुलनेने सर्वाधिक वाढ दिसते ती पन्नाशीच्या आतल्या रुग्णांत, ज्यांच्याबाबत घरात कुणाच्या मनात अर्धांगवायूचा विचारही आलेला नसतो.

यात एक फसवी गोष्ट आहे. आमवात भडकलेला असताना रक्तातले कोलेस्टेरॉल उतरते आणि जोखीम चढते. म्हणजे लॅबच्या कागदावर सगळे आकडे चौकटीत आणि आत रक्तवाहिनी तापलेली. ‘रिपोर्ट नॉर्मल हाय’ या वाक्यावर अशा रुग्णाने फार विसंबू नये; आजार शांत असताना तपासणी पुन्हा करून घ्यावी.

ल्युपसच्या काही रुग्णांत, आणि ल्युपस नसलेल्यांतही, रक्त गोठण्याचीच घडी बिघडते. याला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम म्हणतात. लंडनचे ग्रॅहॅम ह्यूज यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन केले. यातल्या एका प्रतिपिंडाचे (प्रतिकारशक्तीने स्वतःविरुद्धच बनवलेल्या प्रथिनाचे) नाव ‘ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट’, म्हणजे गोठण्याला विरोध करणारा. परीक्षानळीत तो तसा वागतोही, पण शरीरात गुठळ्या करतो. वैद्यकात याहून दिशाभूल करणारे नाव शोधावे लागेल. तिशीतल्या बाईला झटका आला आणि तिचे पूर्वी दोन-तीनदा दिवस गेलेले पोट पडलेले असेल, तर ही तपासणी व्हायलाच हवी. पोट पडल्याचे खापर सुनेच्या पायगुणावर किंवा कुणाच्या नजरेवर फुटलेले असते, त्यामुळे हा इतिहास न्यूरॉलॉजिस्टपर्यंत पोचतच नाही. विचारणाऱ्याने सासूला बाहेर बसवून विचारावा. रक्ताची तपासणी १२ आठवड्यांच्या अंतराने दोनदा करतात. निदान पक्के झाले की वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप, साधारण २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. या सिंड्रोमची तिन्ही प्रतिपिंडे सापडलेल्या रुग्णांत रक्त पातळ ठेवणाऱ्या रिव्हारॉक्सबानसारख्या नव्या गोळ्या कमी पडतात, हे २०१८ च्या चाचणीत दिसले.

वॉरफरिन घेणाऱ्याने मेथी, पालक, चाकवत सोडायची गरज नसते. आठवड्याला जेवढी भाजी पोटात जाते तेवढी जात राहावी, एकदम वाढवू वा तोडू नये. सांगलीची हळद फोडणीत चालते. अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो.

आशियातल्या तरुण स्त्रियांत तुलनेने जास्त आढळणारा आजार म्हणजे ताकायासू दाह. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रवैद्याने १९०८ मध्ये त्याची पहिली नोंद केली. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि मनगटातली नाडी लागेनाशी होते. आरोग्य उपकेंद्रात सिस्टर डाव्या दंडाला पट्टा बांधते, दोनदा फुगवते, काटा हलत नाही. मशीन बिघडले म्हणून पट्टा उजव्या दंडाला जातो आणि तिथे दाब लागतो. वहीत एकच आकडा चढतो. मशीन ठीकच होते. दोन्ही हातांच्या वरच्या दाबात १० हून जास्त फरक हा या आजाराच्या १९९० च्या निकषांपैकी एक होता, २०२२ च्या निकषांत तो आकडा २० झाला; म्हणून तरुण मुलीचा एका हाताला दाब ‘लागत नाही’ तेव्हा दोन्ही आकडे लिहून तिला पुढे पाठवावे. पन्नाशीनंतर होणारा जायंट सेल दाह आपल्याकडे विरळा. कानशिलाची नवी डोकेदुखी आणि चावताना जबडा भरून येणे ही त्याची खूण.

ऱ्हुमॅटिक ताप हा वेगळा आजार. नावसाधर्म्यामुळे त्याची आमवाताशी गल्लत होते. लहानपणी स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे घसा धरतो, त्यानंतर काही आठवड्यांनी ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज येते. शरीराची प्रतिकारशक्तीच यात हृदयाच्या झडपांवर उलटते. ‘हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो’ असे लासेग या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकातच म्हणून ठेवले. सांधे पूर्ण बरे होतात, त्यामुळे घरचे विसरून जातात. पुढे डावीकडची मायट्रल झडप अरुंद होते, तिच्या मागचा कप्पा फुगतो, ठोके बेताल पडू लागतात, साठलेल्या रक्तात गुठळी होते आणि ती थेट मेंदूत जाते. नुसत्या बेताल ठोक्यांनी झटक्याची जोखीम पाचपट होते. सोबत ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली झडप असेल तर सुमारे १७ पट, असे अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत आढळले. या नोंदीतला हा सर्वांत मोठा आकडा आहे आणि सर्वांत टाळता येण्याजोगाही. दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब मुदतीचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घेतले तर ताप उलटत नाही. ऊसतोडीला कुटुंब बाहेर पडले की नेमके हेच चुकते. इथेही गुठळी रोखायला वॉरफरिनच सरस, हे २०२२ च्या चाचणीत स्पष्ट झाले.

औषधांचाही जोखमीत वाटा आहे. बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या ‘वाताच्या पुड्यां’नी दोन दिवसांत मूठ वळते. गुण येतो हे खोटे नाही, आणि खरी अडचण तीच आहे, कारण अशा पुडीत बरेचदा स्टेरॉइड असते. वर्षभर ते पोटात गेले की दाब, साखर आणि वजन चढते, चेहरा गोल होतो, ‘तब्येत सुधारली’ म्हणून लोक कौतुक करतात. भीतीने एकदम बंद करणेही घातक. मात्रा डॉक्टरच्या सल्ल्याने उतरवावी लागते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचा रोजचा रतीब दाब आणि झटक्याची शक्यता दोन्ही वाढवतो. याउलट मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी दाह खरोखर आटोक्यात आला तर जोखीम उतरते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जीवावर बेतते. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन गुठळ्याही कमी करते. विडी आमवात आणि झटका दोन्हीला आमंत्रण देते. बायकांची मिश्री ‘व्यसनात’ मोजली जात नाही, पण तीही तंबाखूच.

जुन्या आमवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. कटिंगनंतर न्हाव्याकडून मान कडकड मोडून घेण्याची सवय अशा माणसाने सोडावी. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी वाहिनी त्याच मणक्यांतून जाते.

झटका ओळखताना संधिवाताच्या घरात वेगळीच पंचाईत होते. पहाटे तासभर बोटे आखडणे हे आमवाताचे रोजचे लक्षण. भाकरी थापता येत नाही, उन्हाला बसल्यावर हात सुटतो, आणि घराला त्याची सवय झालेली असते. मग एखाद्या सकाळी सासूच्या हातून कपबशी निसटली तर सून म्हणते, ‘‘आत्ती, आज लईच धरलाय व्हय हात?’’ आणि तेल कोमट करायला जाते. फरक असा, की आमवात सहसा दोन्ही हात सारखे धरतो, झटका एकच बाजू. आखडलेला हात दुखतो. लुळा हात सहसा दुखत नाही, जड आणि परका वाटतो. तोंड वाकडे होणे, जीभ बोबडी वळणे, एका डोळ्याने एकाएकी दिसेनासे होणे, यांतले काहीही सांध्यांमुळे होत नाही. दोन्ही हात वर धरायला सांगण्याची नेहमीची परीक्षा खांदे धरलेल्या माणसावर चालत नाही. त्याला हसायला सांगावे आणि एक पुरे वाक्य बोलून घ्यावे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देतात आणि घड्याळ सुरू होते ते माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून. म्हणून ‘रात्री जेवताना नीट बोलत होत्या का’ या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणारे माणूस सोबत जावे. जतहून मिरज गाठायला दोनेक तास लागतात. कोयनेच्या खोऱ्यातल्या वाड्यांवरून आधी पाटण, मग कराड. १८९४ पासून मिशन इस्पितळामुळे मिरजेला उत्तर कर्नाटकापर्यंतचे रुग्ण येत आले आहेत, तरी जवळ सीटी स्कॅन असेल तिथे आधी जाणे शहाणपणाचे. १०८ ला फोन करताना ‘लकवा’ हा शब्द वापरावा. ‘हातपाय दुखतात’ म्हटले की घाई होत नाही. कांदा हुंगवणे, पाणी पाजणे टाळावे, गिळता न आल्यास ते फुप्फुसात जाते. स्कॅनआधी घरची ॲस्पिरिनही देऊ नये. रक्तवाहिनी फुटलेली असेल तर उलटेच होईल. वॉरफरिनची चिठ्ठी मात्र खिशात असावी. रक्त आधीच पातळ असेल तर ते इंजेक्शन देता येत नाही.

झटक्यानंतरच्या व्यायामातही सांधे आडवे येतात. लुळ्या बाजूच्या माणसाला चांगल्या हातात काठी देतात. आमवाताच्या रुग्णाचा तो हातही बोटे वाकडी झालेला असतो आणि काठीची वाकडी मूठ त्याला धरवत नाही. अशांना कोपरापासून मनगटापर्यंत आधार देणारी काठी लागते, किंवा साध्या काठीची मूठ कापड गुंडाळून जाड केली तरी निभते.