‘साताऱ्यात थांबू’ की ‘आता थांबू’?

सुरूर फाट्याच्या अलीकडे मी गाडी कडेला घेतली, साइड स्टँड लावला, हेल्मेट काढलं आणि वळून पाहिलं तर बाकी तिघांचा पत्ता नाही. पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. चौघांच्याही हेल्मेटात एकमेकांशी बोलायला इंटरकॉम. सर्वांत पुढच्याने सांगितलं होतं, ‘साताऱ्यात थांबू’. माझ्या कानात शिरलं ते ‘आता थांबू’. तिघांनी साताऱ्यात माझी वाट बघत दोन-दोन चहा संपवले, आणि तेव्हापासून ग्रुपमध्ये माझं नाव ‘आता’ आहे.

इंटरकॉमचा स्पीकर तेव्हा पूर्ण आवाजावर होता. त्यामुळे मोठा स्पीकर घ्यावा, असं मला वाटलं. उपाय नेमका उलटा निघाला: कानात बोळे, म्हणजे इअरप्लग, घालायचे. कान बंद केल्यावर जास्त नीट ऐकू येतं हे टपरीवर सांगून बघा, लोक हसतील. मीही हसलो होतो.

आधी वाऱ्याबद्दल. ताशी ६०-६५ किलोमीटरपर्यंत इंजिन, सायलेन्सर, शेजारून जाणारा ट्रक असं सगळं वेगवेगळं ऐकू येतं. त्यापुढे वारा सगळ्यांना गिळतो. ताशी १०० किलोमीटरला चांगल्या फुल-फेस हेल्मेटच्या आतही कानाशी साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज असतो. हेल्मेट, पुढची काच आणि चालवणाऱ्याची उंची यांनुसार थोडा कमी-जास्त. हेल्मेट बारीक, तीव्र आवाज बऱ्यापैकी अडवतं. वाऱ्याची जी खालच्या पट्टीतली घुमघुम असते, तिला ते जवळजवळ मोकळं सोडतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवून ते हवेच्या बोगद्यात ठेवलं, तेव्हा आवाजाचा एक मोठा उगम हनुवटीखालच्या फटीत सापडला. वरच्या झडपा बंद करून फारसा फरक का पडत नाही आणि मानेभोवती मफलर गुंडाळला की का पडतो, याचं उत्तर त्यात आहे.

वेगाचा हिशेब तर फारच निर्दय आहे. जेटच्या झोतातून आवाज कसा जन्मतो याचं गणित १९५२ साली जेम्स लाइटहिल यांनी मांडलं. वाऱ्याच्या वाटेत एखादी घन वस्तू उभी असेल तर काय होतं, ते १९५५ मध्ये कर्ल यांनी दाखवलं: आवाजाची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की शक्ती ६४ पट, डेसिबलमध्ये १८ची उडी. ८० वरून १०० वर गेलात तर जवळपास ६ डेसिबल, म्हणजे शक्ती चौपटीच्या आसपास. काटा जरासा हलतो, कानावर मात्र चार वारे तुटून पडतात.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी ‘नायॉश’ नावाची सरकारी संस्था आहे. तिच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास, १००ला १५ मिनिटं. पुण्यातून शंभरच्या वेगाने निघालात तर शिरवळ यायच्या आत दिवसाचा कोटा संपलेला असतो. मुक्कामी पोचल्यावर कानात ‘सूं’ वाजतं आणि समोरचा कापूस कोंबल्यासारखा बोलतोय असं वाटतं, ती ही उधारी. बहुतेक वेळा ती रात्रभरात फिटते. फिटत नाही तेव्हा काय गेलं ते कळायला वर्षं लागतात, कारण प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या रोमपेशी असतात जेमतेम पंधरा-सोळा हजार आणि माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

हे झालं इजेचं. पण ‘सा’ कुठे गेला?

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, कर्णशंख. तिच्यातल्या पडद्यावर प्रत्येक सुराची जागा ठरलेली असते. ध्वनीची लाट त्या पडद्यावरून कशी पुढे सरकते हे जॉर्ज फॉन बेकेशी यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६१चं नोबेल मिळालं. एखादा जुना लांबलचक वाडा डोळ्यांसमोर आणा. दिंडी दरवाज्यालगतच्या खोल्यांत राहतात वरचे, बारीक सूर. सर्वांत आतल्या चौकात खर्जातले. आता आतल्या चौकात लग्न आहे आणि वरात ताशे वाजवत निघाली आहे. तिला दारालगतच्या प्रत्येक खोलीवरून जावंच लागतं, त्यामुळे पाहुणा आतल्यांचा असला तरी झोपमोड दारापाशी राहणाऱ्यांचीही होते. उलट दारापाशी कोणी कुजबुजलं तर आतल्या चौकाला पत्ताही लागत नाही. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना असा झाकोळून टाकतो, आणि आवाज जितका मोठा तितका हा झाकोळ वर वर पसरत जातो.

वाऱ्याची घुमघुम मुख्यतः ५०० हर्ट्‌झच्या खाली. मराठीतले ‘आ’, ‘ओ’, ‘ऊ’ दणकट असतात, ते तग धरतात. शब्दाचा अर्थ ज्यांच्यावर तोललेला असतो ती व्यंजनं मात्र नाजूक. ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्‌झच्या वर, ‘त’ आणि ‘ट’चा फुटणारा क्षणही वरच्याच पट्टीत. म्हणून ‘साठ’चे ‘आठ’ होतात, ‘वीस’ आणि ‘तीस’ सारखे वाटतात, आणि सातारा कापला जाऊन नुसतं ‘आता’ उरतं.

आता बोळ्याची गंमत. बोळा वारा आणि स्पीकर दोघांनाही सारखाच दाबतो, म्हणजे दोघांमधलं अंतर तेवढंच राहतं. मग फायदा कसला? फायदा असा की शंभर डेसिबलला कान स्वतःच गोंधळलेला असतो, झाकोळ पसरलेला असतो. तोच मजकूर त्याच वाऱ्यासकट ८० डेसिबलला कानाशी पोचला की वरात लांबून गेल्यासारखी होते आणि दारालगतच्या खोल्यांना श्वास मिळतो. हे आजचं नाही. कार्ल क्रायटर यांनी १९४६ सालीच दाखवलं होतं की मोठ्या गोंगाटात कानात बोळे घालणाऱ्यांना बोलणं न घालणाऱ्यांइतकंच, किंबहुना जास्त चांगलं समजतं.

आकडे मांडून बघू. वारा १००. बोलणं समजायला स्पीकरही निदान शंभरच्या आसपास हवा. दोन सारखे आवाज एकत्र आले की ३ डेसिबलची भर, एकूण १०३, म्हणजे १५ मिनिटांचे साडेसात झाले. मी स्पीकर वाढवून माझ्या कानाला नेमका हाच दंड भरायला लावत होतो. त्याऐवजी २० डेसिबल अडवणारा बोळा घातला तर वारा ८०, बोलणं ८०, बेरीज ८३. दिवसभर चालवा.

मग पाकिटावर सर्वांत मोठा आकडा असलेला इअरप्लग आणायचा, इतकं सोपं आहे का? नाही. माझ्या मते निम्मे लोक इथेच फसतात. बोळा किती डेसिबल अडवतो ते सांगणारा हा आकडा. पाकिटावर अमेरिकी मालाला त्याचं नाव एनआरआर असतं, युरोपीय मालाला एसएनआर. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले, तिथे बोळा अगदी नीट बसवलेला असतो. फोमच्या बोळ्याचा एनआरआर प्रत्यक्षात निम्मा धरा, असं नायॉशच सांगते. पाकिटावर ३२ असेल तर १६. शंभरच्या वाऱ्याला १६ पुरतात, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण बोळा नीट बसला नाही तर नुसता आकडा कमी होत नाही, आवाजाचा पोतच बिघडतो.

बंद खिडकीमागे गल्लीत डीजे लागला की काय ऐकू येतं? धडधड. शब्द नाहीत. फट असली की खालच्या पट्टीतले आवाज तिच्यातून सहज आत येतात, वरच्या पट्टीतले अडतात. अर्धवट बसलेला बोळा कानात तेच करतो: वाऱ्याची घुमघुम आत घेतो आणि ‘स’, ‘त’, ‘ट’ बाहेर ठेवतो. म्हणजे आपल्याला हवं त्याच्या बरोब्बर विरुद्ध. ‘मी इअरप्लग वापरून बघितले, इंटरकॉम अजिबात ऐकू येत नाही’ असं सांगणारा भेटला की मी आधी त्याला बोळा कसा घातलास ते विचारतो. बहुतेकदा बोळ्याचा अर्धा भाग कानाबाहेर डोकावत असतो. (आजीच्या कापसाच्या बोळ्याचा तर विषयच नको. अत्तराचा फाया म्हणून तो छान.)

फोमचा बोळा बोटांत गोल फिरवून, सुरकुती न पडता, काडीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा. त्याने आतली वाकडी वाट जरा सरळ होते. मग बोळा सरकवायचा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचा, मनात तीसपर्यंत मोजत. हातमोजे घालण्याआधी. बसला की नाही हे बघायला गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज आणखी बराच कमी झाला तर फट आहे, काढून पुन्हा घाला. बोळे घातल्यावर स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा येतो. बोळा नुसता कानाच्या तोंडाशी असेल तर हा घुमारा जास्त, खोल गेला तर कमी.

मग हेल्मेट. ते चढवताना गालाचे पॅड कानावरून घासत येतात आणि घातलेला बोळा ओढून सैल करतात. पट्ट्या दोन्ही बाजूंना ताणून, हेल्मेट जरा फाकवून खाली घ्यायचं. सिलिकॉनचे तीन छत्र्यांचे इअरप्लग इथे अडचणीत येतात, कारण त्यांची दांडी बाहेर राहते, अस्तराला टेकते, तासाभरात कान ठणकतो आणि हेल्मेटची थरथर त्या दांडीवाटे सरळ आत जाते. दांडी आखूड असेल तरच घ्या. पावसाळ्यात मात्र सिलिकॉनची सोय कळते: धुवा, पुसा, घाला. घामाने आणि पावसाने मळलेला फोम फेकूनच द्यायचा असतो.

तिसरा प्रकार फिल्टरवाल्यांचा. यांचं मूळ संगीतात आहे. वादकांना आवाज कमी हवा होता पण बिघडलेला नको होता. मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्चने १९८८ मध्ये ईआर-१५ आणला. तो सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच, सुमारे १५ डेसिबलने खाली आणतो. साधा फोम वरच्या पट्ट्या जास्त दाबतो, त्यामुळे त्यातून संगीत गोधडीखालून आल्यासारखं येतं. इंटरकॉम, नकाशाची बाई आणि गाणी तिन्ही हवी असतील, आणि वेग ताशी ८०-९०च्या पुढे फारसा जात नसेल, तर सपाट फिल्टर मला योग्य वाटतो. दिवसभर शंभरच्या वर राहणाऱ्याने फोम घ्यावा आणि गाण्यांची हौस थोडी आवरावी. कानाचा साचा घेऊन बनवलेले सर्वांत आरामदायी असतात, पण साचाच चुकला तर पैसे देऊन फट विकत घेतल्यासारखं होतं. फिल्टर म्हणजे नुसतं भोक असेल, तर मात्र वर सांगितलेला फटीचा नियम त्यालाही लागू.

स्पीकर बदलायच्या आधी त्याची जागा बदलून बघा. हेल्मेटातले ४० मिलिमीटरचे चपटे स्पीकर कानाच्या भोकासमोर नसतील तर सर्वांत आधी वरच्या पट्ट्या जातात, म्हणजे पुन्हा ‘स’च. बोळे घालून, गाणं लावून, स्पीकर हेल्मेटातल्या त्याच्या खिशात मिलिमीटर-मिलिमीटर सरकवायचा. एका ठिकाणी शब्द अचानक उजळतात. मागे फोमची चकती लावून तो कानाजवळ आणला तरी बराच फरक पडतो. इक्वलायझर असेल तर खर्ज उतरवा, वरची पट्टी चढवा. बोळा तीच पट्टी जास्त खातो.

एक मर्यादा सांगायलाच हवी. आधीच कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी हे गणित बदलतं. बोळ्याने खाली आणलेलं बोलणं त्यांच्या ऐकू येण्याच्या उंबरठ्याखालीच जाऊ शकतं. त्यांनी आधी कानाची तपासणी करून घ्यावी. आणि शहरात, तीस-चाळीसच्या वेगात, वाराच नसतो. तिथे मी बोळे काढून डबीत ठेवतो. आवाज कुठल्या बाजूने आला हे ओळखणं हेल्मेटने आधीच अवघड केलेलं असतं, त्यात आणखी भर कशाला.

पुढच्या खेपेला कोल्हापूरहून परतताना फोमचे बोळे होते. किणी टोलनाका मागे पडला आणि वाऱ्याखाली काहीतरी बारीक चटचट ऐकू यायला लागलं. इंटरकॉमवर विचारलं, कोणालाच ऐकू येत नव्हतं. बाकीच्यांचे कान उघडे होते. पेठ नाक्याला थांबून बघितलं तर माझीच चेन इतकी सैल झाली होती की बोटाने उचलता येत होती.