पहिला तांब्या

डिसेंबरातली पहाट, गिझर बंद पडलेला, आणि गार पाण्याचा पहिला तांब्या खांद्यावर. त्या क्षणी आपण जो 'हाः' करून श्वास आत ओढतो तो कुणी शिकवलेला नसतो आणि कितीही दात-ओठ खाल्ले तरी रोखता येत नाही. नॉर्वेतल्या 'नॉर्समन' ट्रायथलॉनमध्ये हा तांब्या म्हणजे अख्खा हार्डांगर फ्योर्ड, डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी.

२००३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत पहाटे पाचच्या सुमारास स्पर्धक फेरीबोटीच्या काठावर उभे राहतात आणि साधारण चार मीटर खाली काळ्या पाण्यात उड्या टाकतात. पुढे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणं. पण अनेकांची खरी तंतरते ती या उडीपाशी. माझ्या मते त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, कारण ही भीती मनाइतकीच कातडीतूनही येते.

कातडी एकदम गार पडली की तिथले थंडी ओळखणारे मज्जातंतू मेंदूला हाकाटी करतात. एका दमात दोन-तीन लिटर हवा आत ओढली जाते, मग श्वास धापांसारखा चालतो, हृदय धडधडतं, रक्तदाब चढतो. वेटसूट, म्हणजे अंगासरशी बसणारा रबरी पोशाख, असला तरी चेहरा आणि हात उघडेच, आणि मानेतून पाणी शिरतंच. तो पहिला श्वास डोकं पाण्याखाली असताना घेतला गेला, तर नाकातोंडात पाणी जायला वेळ लागत नाही. याला म्हणतात 'कोल्ड शॉक'. त्याचा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वाधिक असतो आणि दोन-तीन मिनिटांत तो ओसरतो. म्हणून जाणकारांचा सल्ला साधा आहे: आधी तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग हात मारा.

यात आणखी एक गुंता आहे. गार कातडी हृदयाला 'पळ' म्हणते, तर ओला चेहरा आणि रोखलेला श्वास 'थांब' म्हणतात. एकाच वेळी अॅक्सिलरेटर आणि ब्रेक दाबल्यासारखं. या ओढाताणीत हृदयाचा ठोका चुकू शकतो, असं पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजचे मायकेल शॅटॉक यांनी २०१२ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ मधल्या ट्रायथलॉनच्या नोंदी तपासल्या तेव्हा मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांपैकी ९० पोहताना घडलेल्या आढळल्या. प्रत्येक वेळी दोषी थंडीच होती असं नाही. पण पाण्याची धास्ती अगदीच निराधार नाही.

गंमत म्हणजे कातडीलाही सवय लागते. गार पाण्यात तीन-तीन मिनिटांच्या जेमतेम पाच-सहा डुबक्या घेतल्या की हा झटका जवळपास निम्म्यावर येतो, आणि त्याचा काही परिणाम महिनोन् महिने टिकतो. विहिरीत पाठीला डबा बांधून ढकलली गेलेली आपल्याकडची पोरं चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःच काठावरून मुटका मारतात, त्यात धीटपणा असतो तशी ही सवयही असणार. गोव्यात २०१९ पासून निम्म्या अंतराची 'आयर्नमन' ट्रायथलॉन स्पर्धा होते, पण मिरामारच्या कोमट समुद्रात ही तालीम होणं कठीण.

सायकलचा भाग मी सोडून देतो. पाय दुखतात, वारा तोंडावर येतो. त्यात विशेष नवल नाही.

नवल आहे ते धावण्यात, 'झॉम्बी हिल' नावाच्या घाटात. इथे स्नायूंतली साखर बरीच संपलेली असते, तरी शरीर पूर्ण रिकामं नसतं. मेंदू आधीच हात आखडता घेतो. सुमारे तासाभराच्या सायकलिंगच्या प्रयोगात स्पर्धकांनी साखरेचं पाणी नुसतं तोंडात खळखळून थुंकलं, तरी त्यांचा वेग वाढला! पोटात काहीच गेलं नव्हतं. जिभेने फक्त 'अन्न येतंय' अशी खबर दिली होती. २०१४ च्या आणखी एका प्रयोगात काहींना दोन आठवडे स्वतःशी धीराचं बोलायला शिकवलं. वाक्यं ज्याची त्याने निवडायची, आपण म्हणू तसं 'जमतंय, जमतंय'. ते आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ पॅडल मारत राहिले, आणि तेवढ्याच श्रमाला 'कमी कष्ट' असे गुण देऊ लागले. न शिकवलेल्यांत असा फरक पडला नाही.

घाटाच्या वर एक ठाणं आहे. तिथे पोहोचणाऱ्या पहिल्या १६० जणांना गाउस्टाटोपेन डोंगराच्या माथ्याकडे, सुमारे १,८५० मीटरवर, जाऊ देतात आणि काळा टी-शर्ट मिळतो. १६१ वा तितकंच अंतर खालच्या वाटेवर पुरं करतो. त्याचा टी-शर्ट पांढरा.